धडा गाळला, पाठीचा कणा कसा गाळणार?

‘निसर्गानंच बाईला असं घडवलंय, त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य ऐकलेलं नाही अशी मैत्रीण आपल्यात शोधूनही सापडायची नाही. सासरची माणसं म्हणतात, शाळेतले सर म्हणतात, समेटाच्या बैठकीत बसलेले पंच म्हणतात, टीव्हीवरचे महाराज तर उठता-बसता म्हणतात. बाईनं घर का सांभाळायचं? निसर्ग. तिनं आवाज का चढवायचा नाही? निसर्ग. पुरुषाचा हात सुटतो, नजर भरकटते, तोही म्हणे त्याचा निसर्गच. पूर्वी हे काम देवाधर्माकडे होतं. ‘शास्त्रात लिहिलंय’ म्हटलं की बाईचं तोंड बंद. आता शिकल्यासवरल्या घरात पोथीचा आधार घ्यायला थोडा संकोच वाटतो, म्हणून निसर्गाला पुढे केलं जातं. गादी तीच, तिच्यावर बसवलेला देव तेवढा बदलला.

या वाक्याला उत्तर द्यायचं तर निसर्गानं खरोखर काय घडवलं, किती काळात आणि कसं घडवलं, हे आपल्याला माहीत असायला हवं. आणि ते कशावरून कळलं, हेही सांगता यायला हवं. ही माहिती दगडांत आहे. मासे, बेडूक, सरडे, पक्षी, गाई-म्हशी, माकडं आणि आपण, म्हणजे पाठीला कणा असलेले सगळे प्राणी. त्यांचा ५० कोटी वर्षांहून मोठा इतिहास जमिनीच्या थरांमध्ये हाडांच्या रूपानं जपून राहिला आहे. या हाडांचे दगड झालेले अवशेष म्हणजे जीवाश्म. ते शोधायचे, थर तपासून त्यांचं वय ठरवायचं, एकाचं हाड दुसऱ्याच्या हाडाशी ताडून पाहायचं आणि कोण कोणापासून आलं याचा माग काढायचा, हे पुराजीवशास्त्राचं काम. मी या विषयातली तज्ज्ञ नाही. मुलींची शिबिरं घेणारी कार्यकर्ती आहे, आणि म्हणूनच लिहायला बसले आहे. कारण या इतिहासाशी आपल्या मुलींची जिथे पहिली आणि बहुतेक जणींची शेवटची गाठ पडायची, नेमकी तीच जागा कापली गेली.

कात्री कुणावर चालली?

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ नावाचा धडा होता. २०२३ साली छापून आलेल्या पुस्तकात त्याचं नाव उरलं नुसतं ‘आनुवंशिकता’. जीवाश्म गेले, डार्विन गेला, माणसाच्या उत्क्रांतीचा भाग गेला. कारण दिलं गेलं ते मुलांवरचा ताण कमी करण्याचं. कोविडमध्ये अभ्यास मागे पडला होता ना! ब्रेकथ्रू सायन्स सोसायटीच्या पुढाकारानं एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञान कार्यकर्त्यांनी या काटछाटीविरुद्ध पत्र काढलं. त्यावर उत्तर आलं की एवढं काय झालं, बारावीच्या जीवशास्त्रात हा भाग आहेच.

बारावीच्या जीवशास्त्रात! मैत्रिणींनो, हे उत्तर ऐकून आपल्याला हसू यावं की रडू? बारावीला जीवशास्त्र घेऊन बसतं कोण? दहावीनंतर जिची शाळा सुटते ती नाही. जिचं लग्न ठरतं ती नाही. ‘सायन्सची फी भावासाठी, तू आर्ट्सला जा’ असं जिला सांगितलं जातं ती नाही. तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात विज्ञान शाखाच नाही आणि लांबच्या गावी एसटीनं जायला घरचे परवानगी देत नाहीत, तीही नाही. ज्या मुलींना ‘निसर्गानंच घडवलंय’ हे वाक्य जन्मभर ऐकावं लागणार, त्यांच्याच हातून त्याचं उत्तर काढून घेतलं आणि वर म्हणायचं की ताण कमी केला. हा ताण मुलींच्या डोक्यावरचा होता की आणखी कुणाच्या?

आणि कात्री एकच होती हेही ध्यानात ठेवू या. त्याच काटछाटीत त्याच इयत्तेच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातून लोकसंघर्ष आणि चळवळी हा धडाही गेला. माणूस बदलत आला हेही शिकायचं नाही, आणि माणसं एकत्र येऊन व्यवस्था बदलतात हेही शिकायचं नाही.

आपल्या महाराष्ट्र राज्य मंडळानं २०१८ साली आणलेल्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग दोनमध्ये, ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे. त्यात जीवाश्मांचे पुरावे आहेत, दोन प्राणिगटांना जोडणारे दुवे आहेत. ही चांगली गोष्ट आहे. पण दिल्लीत पडलेली कात्री मुंबईला यायला वेळ लागत नाही. ती आल्यावर निषेधाची पत्रकं काढण्यापेक्षा या धड्यावर आधीच आपला हक्क सांगून ठेवलेला बरा.

‘कुणी पाहिलं?’

ही कात्री अचानक आकाशातून पडलेली नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रातले तेव्हाचे मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असल्याचं जाहीर केलं. माकडाचा माणूस होताना पाहिला असं आपल्या पूर्वजांपैकी कुणी लिहून किंवा सांगून ठेवलेलं नाही, हा त्यांचा मुद्दा. शाळा-कॉलेजांतला अभ्यासक्रम बदलायला हवा, हेही ते म्हणाले. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांना एकत्र येऊन या विधानाविरुद्ध निवेदन काढावं लागलं. हे गृहस्थ मुंबईचे माजी पोलीस आयुक्त आहेत. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसेल तर घटना घडलीच नाही, हा न्याय पोलीस खात्यातल्या माणसानं सांगावा याचं नवल वाटतं. पण आपल्याला फारसं नवल वाटायला नको. ‘कुणी पाहिलं?’ हा प्रश्न आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. बंद दाराआड मार खाल्लेली बाई चौकीत उभी राहते तेव्हा तिला पहिला प्रश्न हाच येतो.

बंद दाराआड साक्षीदार नसतो. वळ असतात, फुटलेली बांगडी असते, दवाखान्याचा कागद असतो, शेजारणीनं ऐकलेला आवाज असतो. या सगळ्याची संगती लावून काय घडलं ते ठरवता येतं, हे समाजाला आणि कायद्याला पटवण्यात आपल्या चळवळीची कितीतरी वर्षं गेली. जीवाश्मांचा अभ्यास करणारे दुसरं काय करतात? त्यांचं दार तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच बंद झालेलं असतं.

एकच उदाहरण देते. मासे पाण्यात होते आणि पुढे चार पायांचे प्राणी जमिनीवर आले, हे थरांवरून दिसत होतं. जुन्या थरांत फक्त मासे, नव्या थरांत पायवाले प्राणी. मग मधल्या काळातल्या थरांत मधला प्राणी सापडायला हवा. नील शुबिन, एडवर्ड डेश्लर आणि फॅरिश जेंकिन्स हे शास्त्रज्ञ असा अंदाज बांधून कॅनडाच्या अगदी उत्तरेला, एल्समिअर बेटावर गेले. तिथे त्या वयाचा, नदीकाठच्या गाळापासून बनलेला खडक उघडा पडलेला आहे. १९९९ पासून फेऱ्या सुरू झाल्या. २००४ साली तो सापडला आणि २००६ मध्ये जगापुढे आला. सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा, खवले आणि पर असलेला मासा. पण डोकं सुसरीसारखं चपटं, मान वळणारी, आणि परामध्ये आधी एक हाड, मग दोन, मग मनगटासारखी बारीक हाडं. तिथल्या इन्युइट लोकांच्या भाषेवरून त्याला टिकटालिक नाव दिलं.

भाकरी थापताना आपलाच हात बघा. दंडात एक हाड, कोपराखाली दोन, मग मनगट. हीच मांडणी बेडकाच्या पायात आहे, वटवाघळाच्या पंखात आहे, देवमाशाच्या परात आहे. कुणी पाहिलं म्हणून विचारणाऱ्याला सांगावं, ‘पाहायची गरज नाही, तुमच्याच बाहीत पुरावा आहे.’

पुरावा वाचतं कोण?

पण पुरावा असून भागत नाही, हेही आपल्याइतकं कुणाला ठाऊक नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरेवर बलात्कार झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, तेव्हा तिच्या अंगावर जखमा नाहीत याचा अर्थ ‘तिची संमती होती’ असा लावला गेला. अंग एकच, वाचन न्यायमूर्तींचं. त्या वाचनाविरुद्ध देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. हाडांचंही असंच आहे. हाड स्वतः बोलत नाही. ते हातात घेणारा आपल्या घरातल्या समजुती बरोबर घेऊन येतो.

१९२३ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेला एका डायनोसॉरचा सांगाडा अंड्यांच्या ढिगावर पडलेला मिळाला. दुसऱ्याची अंडी चोरताना मेला असणार, असं गृहीत धरून पुढच्या वर्षी त्याचं नाव ठेवलं गेलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. ७० वर्षं तो चोरच राहिला. १९९३ मध्ये तसल्याच एका अंड्यात गर्भ सापडला, आणि तो निघाला ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला. १९९५ मध्ये त्याच कुळातला, पंखांसारखे हात पसरून अंड्यांवर बसलेला सांगाडा प्रसिद्ध झाला. म्हणजे हे प्राणी चोर नव्हतेच, अंडी उबवत होते. मग या सांगाड्याला लाडानं नाव दिलं ‘बिग मामा’, म्हणजे मोठी आई. अंड्यांवर बसलाय म्हटल्यावर आईच असणार, नाही का? पण अंडी घालणाऱ्या पक्षिणीच्या हाडांत कॅल्शियम साठवणारा एक खास थर तयार होतो. असे उबवणारे सांगाडे तपासल्यावर हा थर त्यांच्यात आढळला नाही. अंड्यांच्या ढिगाचा आकार आणि आजच्या पक्ष्यांच्या सवयी हेही जमेस धरून २००८ साली काही संशोधकांनी निष्कर्ष काढला की अंड्यांवर बसलेले ते बहुधा बाप होते. यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. पण गंमत बघा, हाडं तीच. आधी चोर म्हटलं, मग न विचारता आई केलं, आणि बापाची शक्यता सुचायला ८५ वर्षं लागली.

माणसापाशी आल्यावर तर विचारूच नका. १९७४ साली इथिओपियात हादार इथे ल्युसीचा सांगाडा मिळाला, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीचा. गुडघा आणि कटीर पाहून कळलं की ती दोन पायांवर चालत होती. का चालायला लागली असेल? १९८१ साली ओवेन लव्हजॉय या अमेरिकन शास्त्रज्ञानं ‘माणसाचा उगम’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली उत्तर दिलं : नर लांब जाऊन अन्न मिळवायचा, ते हातांत धरून आपल्या मादीकडे आणायचा, म्हणून हात मोकळे हवेत, म्हणून तो उभा राहिला. मादी पोरांना घेऊन ठिकाणावर. ओळखीचं चित्र आहे ना? कमावता नवरा, घरची बायको, आणि हे म्हणे लाखो वर्षांपूर्वी! गुडघ्याच्या हाडावरून चालणं कळतं. डबा कोण आणून देत होतं ते कळत नाही. एड्रियन झिलमन यांच्यासारख्या बायका या शास्त्रात होत्या म्हणून त्यांनी विचारलं, की कंदमुळं खणणारी, पोर कडेवर घेऊन मैलोन्‌मैल फिरणारी बाई तुमच्या चित्रात कुठे आहे? आणि २०२० साली तर पेरू देशातल्या डोंगरात सापडलेल्या सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या एका दफनाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या शिकारीची दगडी हत्यारं शेजारी ठेवून पुरलेली ती व्यक्ती १७ ते १९ वर्षांची मुलगी निघाली.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. १९८२ साली मध्य प्रदेशात हथनोरा गावापाशी, नर्मदेच्या काठी, भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना प्राचीन माणसाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. भारतातला हा इतक्या मोलाचा शोध पुस्तकांत ‘नर्मदा मॅन’, ‘नर्मदा मानव’ म्हणून नोंदला गेला. स्वतः सोनकिया आणि फ्रेंच संशोधक मारी-आंत्वानेत द लुम्ले यांनी मात्र अभ्यासाअंती ही कवटी बहुधा बाईची असावी असं मत दिलं होतं. नर्मदाकाठच्या त्या बाईला लाखो वर्षांनी जमिनीतून वर काढलं आणि वर आल्या आल्या तिला ‘मॅन’ करून टाकलं.

बाईचा कणा

आता पाठीच्या कण्याकडे येऊ या. चार पायांवरच्या प्राण्यांमध्ये कणा आडव्या तुळईसारखा असतो, पोट त्याला लटकतं. आपण उभे राहिलो आणि त्या तुळईचा खांब झाला. तोल सांभाळायला कमरेत बाक आला. गरोदरपणी पुढे वजन वाढतं तेव्हा हा तोल पुन्हा ढळतो. मग बाई पडत का नाही? कॅथरीन व्हिटकोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली याचं उत्तर दिलं. कमरेचा बाक पुरुषांत मुख्यतः दोन मणक्यांवर असतो, बायकांत तीन मणक्यांवर पसरलेला असतो. त्यामुळे भार वाटला जातो. दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या, २० लाख वर्षांहून जुन्या, आपल्या पूर्वजकुळातल्या सांगाड्यांतही हा फरक दिसला : एकात तीन मणके, दुसऱ्यात दोन.

आपल्याला काय सांगितलं जातं? बाईचं शरीर नाजूक, सदोष, कमकुवत. कटीर रुंद म्हणून तिची चालच कमी प्रतीची, असं तर शास्त्राच्या पुस्तकांतही लिहिलं जात होतं. २०१५ मध्ये ॲना वॉरेनर यांच्या गटानं स्त्री-पुरुषांना प्रत्यक्ष चालायला-धावायला लावून खर्च होणारी शक्ती मोजली, तेव्हा कटीर रुंद असल्यानं चालण्याचा खर्च वाढत नाही असं आढळलं. डोक्यावर हंडा, कडेवर मूल आणि पोटात दुसरं घेऊन कोस कोस चालणाऱ्या आपल्या बायकांना हे कुणी मोजून सांगायची गरज नव्हती. पण मोजलेलं बरं असतं. मोजलेलं समोरच्याच्या तोंडावर मारता येतं.

आपल्यातलेच दोन आक्षेप

हे सगळं बोलायला लागलं की आपल्याच बैठकीत दोन आक्षेप येतात. पहिला असा, की हा डार्विन तरी कोण आपला? बरोबर आहे. १८७१ च्या ग्रंथात त्यानं पुरुष बुद्धीच्या कामात बाईहून सरस ठरतो, असं लिहून ठेवलं आहे. पण त्याच्याच काळातल्या बायकांनी काय केलं तेही पाहा. अमेरिकेतल्या अँटोनेट ब्राऊन ब्लॅकवेल यांनी १८७५ साली पुस्तक लिहून त्याला उत्तर दिलं, इलायझा बर्ट गँबल यांनी १८९४ साली. दोघींनी उत्क्रांती नाकारली नाही. उत्क्रांतीच्याच आधारानं डार्विनच्या पुरुषी निष्कर्षाला हात घातला. त्याच सुमाराला, १८८२ साली, आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांना त्यांच्याच मापानं मोजत होत्या. ज्ञान पुरुषांच्या हातात आहे म्हणून ज्ञानालाच पाठ दाखवायची, हा आपल्या आज्यांचा मार्ग नव्हता.

आणि हे ज्ञान नुसतं पुरुषांनी उभं केलं हेही खोटं आहे. इंग्लंडच्या लाइम रेजिस गावातल्या सुताराची मुलगी मेरी ॲनिंग समुद्रकाठच्या कड्यांतून जीवाश्म काढून, विकून घर चालवायची. १८२३ साली तिनं प्लेसिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा पहिला पूर्ण सांगाडा काढला. पुढच्या वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्यावर व्याख्यान झालं, त्यात तिचं नावसुद्धा नव्हतं. त्या संस्थेनं बायकांना सभासद करून घेतलं ते १९१९ साली. ॲनिंग १८४७ मध्येच गेली होती.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे डायनोसॉरच्या काळातलं दगड झालेलं शेण मिळतं. लखनौच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात गवताचे सूक्ष्म कण शोधले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गवत होतं आणि ते खाल्लं जात होतं, हे २००५ साली जगाला पहिल्यांदा कळलं. शेणात हात घालणं बायकांच्या वाट्याला कायमच आलं आहे. या वेळी त्यातून विज्ञानाचं पुस्तक बदललं. २०२३ मध्ये नर्मदा खोऱ्यातल्या, धार जिल्ह्यातल्या डायनोसॉरच्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास छापून आला, त्याच्या पहिल्या लेखिका होत्या हर्षा धीमान. आपल्या किती शिबिरांत ही नावं घेतली जातात?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. रेशन आहे, पाणी आहे, मारहाण आहे, हुंडा आहे. त्यात ही कोट्यवधी वर्षांची हाडं कुठे घेऊन बसायची? माझं म्हणणं असं, की हाडं आपण आणलेली नाहीत, ती विरोधकांनी आधीच मैदानात आणली आहेत. बाईला घरात बसवणारा निसर्गाची साक्ष काढतो आणि आपण साक्षीदाराची उलटतपासणी घेत नाही. कुठलाही वकील असा खटला हरेल.

जोतीराव फुल्यांना हे पक्कं कळलं होतं. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ते पहिला घाव कुठे घालतात? उत्पत्तीच्या कथेवर. ब्राह्मण ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मला म्हणता, मग त्या मुखाला गर्भाशय होतं का, त्याला विटाळ येत होता का, असं ते रोखठोक विचारतात. जन्म बाईच्याच पोटातून होतो, या एका साध्या सत्यावर त्यांनी चातुर्वण्याची अख्खी इमारत डळमळवली. उत्पत्तीची गोष्ट ज्याच्या हातात, त्याच्या हातात उतरंड. म्हणून तर आजही कुणी सांगतं की दशावतार म्हणजेच उत्क्रांती, आधी मासा, मग कासव, मग वराह. त्यांना एवढंच विचारावं की दहाच्या दहा पुरुष कसे? मासोळीपासून माणसापर्यंतच्या प्रवासात एकदाही आई लागली नाही? २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका माशाच्या जीवाश्माची माहिती प्रसिद्ध झाली, सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या, छे, तिच्या पोटात गर्भ आहे आणि गर्भाला नाळ आहे. शास्त्रज्ञांनी तिच्या नावातच ‘आई’ हा शब्द घातला. दगडात आई आहे, पोथीत नाही.

सावधपणाचा एक शब्द

मात्र एक पथ्य आपणही पाळायला हवं. ओव्हिरॅप्टरचा बाप अंडी उबवत असेल तर तो दाखला देऊन नवऱ्याला पोर सांभाळायला लावायचं, असा युक्तिवाद आपण करू नये. बापानं मूल सांभाळायचं ते न्याय्य आहे म्हणून. डायनोसॉर करत होता म्हणून नव्हे. निसर्गात सगळंच आहे. पोटात पिल्लू वाढवणारी मासोळी आहे, तसा आपल्या पिशवीत अंडी वागवणारा समुद्रघोड्याचा नर आहे. देवमासा तर जमिनीवर चालणाऱ्या खुरांच्या प्राण्यांपासून आला. जम्मूच्या कालाकोटमध्ये मिळालेला, मांजराएवढा इंडोहायस हा त्याच्या पूर्वजांचा नातलग. चार पाय कमावून पुन्हा पाण्यात गेलेल्या या कुळाला कुठला ‘निसर्गनियम’ लावणार? कणा असलेल्या प्राण्यांच्या इतिहासातून एकच गोष्ट ठामपणे हाती लागते : कुठलीही रचना कायमची नसते. जी आहे ती झालेली आहे, आणि जी झाली ती बदलते. बाईच्या जागेबद्दल ‘पहिल्यापासून असंच’ म्हणणाऱ्याला निसर्गाच्या दारात तरी आसरा नाही. मग राहिला प्रश्न न्यायाचा, आणि तो आपला आपण लढायचा आहे.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. उत्क्रांतीचा धडा दहावीच्या आत, सगळ्या मंडळांच्या पुस्तकांत, मुलामुलींना सारखाच शिकवला गेला पाहिजे. आणि शिकवताना तो नुसता ‘माकडापासून पुरुष’ असा चित्रातल्या रांगेसारखा शिकवला जाऊ नये. राज्य मंडळाच्या पुस्तकातला धडा तसूभर हलणार नाही यावर महिला संघटनांनी लक्ष ठेवावं, पालकसभेत विचारावं, अभ्यासक्रमाच्या मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा संघटनेच्या नावानं पत्र द्यावं. किशोरींच्या शिबिरांत ‘आपलं शरीर’ हे सत्र आपण घेतोच. पाळी आणि गर्भाशयाच्या तक्त्याशेजारी आता पाठीच्या कण्याचा तक्ता लावू या. मुलींना आपल्या दंडातलं एक आणि कोपराखालची दोन हाडं चाचपून पाहायला सांगू या. त्यांच्या आधी हे हाड कुणाकुणाच्या अंगात होतं ते त्यांना सांगू या. पुस्तकातून धडा काढता येतो. प्रत्येक पोरीच्या अंगात लिहिलेला आहे तो कसा काढणार? तो वाचायला शिकवणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते काम पुढच्या शिबिरापासून सुरू करता येईल.